आयआयटी धनबादचं मायनिंग की माटुंग्याचं केमिकल? भाचीच्या अ‍ॅडमिशनबद्दल सल्ला हवाय

उदगीरकर_मामा
नमस्कार मंडळी. बहिणीच्या मुलीच्या अ‍ॅडमिशनचा प्रश्न आहे, घरात सध्या दुसरा विषय नाही म्हणून इथं टाकतोय. पोरगी हुशार आहे, अकरावी बारावी लातूरला केली, जेईई अ‍ॅडव्हान्स्ड निघाली आणि जोसाच्या (आयआयटी-एनआयटीच्या एकत्रित प्रवेशाच्या) पहिल्या राउंडला आयआयटी (आयएसएम) धनबादला मायनिंग इंजिनीअरिंग मिळालं. मुलींच्या ज्या वाढीव जागा असतात त्यातून. सीट अ‍ॅक्सेप्ट करून फ्लोट ठेवलंय पण वरचं काही लागेल असं वाटत नाही. इकडं राज्याच्या सीईटीला ९९.६ पर्सेंटाइल आहेत, गेल्या वर्षीचे कटऑफ बघितले तर आयसीटी (रसायन तंत्रज्ञान संस्था) माटुंग्याला केमिकल बसायला पाहिजे, पण राज्याच्या प्रवेशाचे कॅप राउंड जोसाच्या मागून सुरू होतात म्हणजे हातातलं सोडायचं आणि न दिसणाऱ्याची वाट बघायची असा प्रकार आहे. तिला केमिस्ट्री मनापासून आवडते, आठवीपासून तेच. दाजी एसटीच्या वर्कशॉपला मेकॅनिक आहेत, त्यांचं म्हणणं आयआयटीचा शिक्का आयुष्यभर पुरतो, ब्रँच कोण बघतंय. क्लासवाल्यांनी तर तिचा फोटो लावून फ्लेक्ससुद्धा लावला चौकात आणि रोज फोन येतो की सीट सोडू नका. पोरगी गप्प गप्प आहे. काय करावं?

पराग_पिंपरी
डोळे झाकून आयआयटी घ्या. मी पुण्यात आयटीत आहे, रिझ्युमेचे ढीग येतात तेव्हा कॉलेजचं नाव बघूनच पहिली चाळणी लागते, हे चांगलं की वाईट तो वेगळा विषय पण लागते. मायनिंग घेतलं म्हणून खाणीतच जायला लागतं असं कुठाय, निम्मी पोरं कोडिंग करतात नाहीतर एमबीए.

माटुंगा_सुनीता
मामा, मी यूडीसीटीची आहे, म्हणजे आताची आयसीटी, केमिकल इंजिनीअरिंग, आणि गेली बरीच वर्षं पाताळगंगेला प्रॉडक्शनमध्ये काढलीत, त्यामुळे माझा कल कुठे आहे ते आधीच सांगून टाकते. पराग यांचा मुद्दा मला पटत नाही. कोडिंगच करायचं तर चार वर्षं रॉक मेकॅनिक्स आणि ब्लास्टिंग कशासाठी शिकायचं? सकाळी आठपासून जे लेक्चर ऐकायचं, जर्नल लिहायचं, व्हायवा द्यायची ते सगळं नको असलेल्या विषयाचं, आणि रात्री रूमवर जाऊन दुसरंच काहीतरी शिकायचं. हे ज्यांना जमतं त्यांना जमतं, पण ज्या मुलीला एक विषय आठवीपासून आवडतो तिच्यावर ही वेळ का आणायची.

आयसीटीत काय असतं ते सांगते. १९३३ साली मुंबई विद्यापीठाचा विभाग म्हणून सुरू झालेली संस्था आहे, २००८ पासून अभिमत विद्यापीठ. पूर्ण कॅम्पस फक्त केमिकलचा. केमिकल इंजिनीअरिंग एकीकडे आणि बाकी टेक्नॉलॉजीच्या शाखा, डायस्टफ, पॉलिमर, सरफेस कोटिंग, फूड, फार्मा, ऑइल्स. त्यामुळे जेवताना शेजारी बसलेली मुलगी रंगावर काम करते, पलीकडची साबणावर, आणि बोलणी त्याचीच. शेवटच्या वर्षाला होम पेपर नावाचा प्रकार असतो, एकेकाला एकेक प्रॉडक्ट देतात आणि त्याचा अख्खा प्लांट कागदावर उभा करायचा, कच्चा माल कुठून, रिअ‍ॅक्टर केवढा, डिस्टिलेशन कॉलमला प्लेट्स किती, स्टीम किती लागेल, सांडपाणी कुठं जाणार, खर्च किती आणि विकणार कितीला. झोप उडते पण मी नोकरीला लागले तेव्हा पहिल्या दिवशी प्लांटचा पीअँडआयडी, म्हणजे पाइप आणि उपकरणांचा नकाशा, हातात दिला आणि मला तो वाचता येत होता. तुमच्या भाचीला हे ऐकून पोटात गोळा येतो का उत्सुकता वाटते ते तिला विचारा, त्यातून बरंचसं कळेल.

वेकोलि_वणी
जरा थांबा मंडळी. इथे मायनिंगला सगळे असे बोलताय जसं ते कोणाच्या तरी नशिबी आलंय. मी वणी पट्ट्यात कोळशात आहे, मायनिंगच शिकलोय, आणि हा विषय मी निवडून घेतला होता. आमच्या चंद्रपूर यवतमाळ भागातल्या पोरांना खाण म्हणजे काय ते लहानपणापासून दिसतं, तुमच्याकडे दिसत नाही एवढाच फरक.

धनबादची ती संस्था १९२६ ची आहे, आयआयटीचा दर्जा २०१६ ला मिळाला, त्याच्या आधीसुद्धा खाणकामात देशात तिच्या तोडीचं नाव नव्हतं. म्हणजे तुम्ही जिला 'आयआयटीची खालची ब्रँच' म्हणता ती त्या कॉलेजची मूळ ब्रँच आहे, सगळ्यात मुरलेला विभाग. कोल इंडियात जा, मँगनीजवाल्या एमओआयएलमध्ये जा, प्रायव्हेटमध्ये जा, अनुभव घेऊन डीजीएमएसच्या (खाण सुरक्षा खात्याच्या) परीक्षा द्या, फर्स्ट क्लास मॅनेजरचं सर्टिफिकेट घ्या, अख्खी खाण तुमच्या सहीवर चालते. जबाबदारी मोठी, पगार व्यवस्थित, क्वार्टर, दवाखाना सगळं.

मुलीच्या बाबतीत विचाराल म्हणून सांगतो. १९५२ च्या खाण कायद्याने बायकांना जमिनीखाली काम करायला बंदी होती, ती २०१९ ला शिथिल झाली. तेव्हा लेखी संमती, सकाळी ६ ते संध्याकाळी ७ ची वेळ, आणि एका शिफ्टला किमान तिघी असाव्यात असा नियम केला. २०२१ ला कोल इंडियाच्या सीसीएलमध्ये पहिली महिला मायनिंग इंजिनीअर भूमिगत खाणीवर रुजू झाली. आणि एक गोष्ट नोंदवून ठेवा, ती आयआयटीची नव्हती, बीआयटी सिंदरीची होती. तसंही देशाचा ९० टक्क्यांच्या वर कोळसा आता ओपनकास्टमधून, म्हणजे उघड्या खाणीतून निघतो, सगळं काही बोगद्यात नसतं.

तर मामा, मुलीला खाण हा विषय आवडणार असेल तर धनबादसारखं दुसरं नाही. आवडणार नसेल तर नावासाठी येऊ नका, तीन वर्षांनी व्हेंटिलेशनच्या पेपरला तोंड वाकडं करून बसलेली पोरं मी ट्रेनिंगला आलेली बघतो, त्यांचं मन कशातच नसतं.

उदगीरकर_मामा
वणीवाले दादा, हे आम्हाला खरंच कोणी सांगितलं नव्हतं. दाजींना वाचून दाखवलं. ते म्हणले खाणीची मशिनरी डंपर वगैरे बघायला आवडेल, पण ते त्यांना, पोरीचं माहीत नाही. सुनीताताई तुमचा प्रतिसाद पोरीनं स्वतः दोनदा वाचला.

सई_एडिसन
मी न्यू जर्सीत असते, इकडे मुलाच्या वेळी याच वादातून गेलो, फक्त नावं वेगळी. अमेरिकेत यावर बराच अभ्यास झालाय. स्टेसी डेल आणि अ‍ॅलन क्रुगर यांचा २००२ चा पेपर प्रसिद्ध आहे. त्यांनी अशी मुलं घेतली ज्यांना फार मोठ्या नावाच्या कॉलेजात प्रवेश मिळाला होता पण त्यातली काही तिथं गेली आणि काही साध्या कॉलेजात गेली, आणि पुढे दोघांच्या कमाईत म्हणावा असा फरक दिसला नाही. म्हणजे ज्या मुलात दम आहे तो मुलगा कुठेही जाऊन ते करतो, श्रेय मात्र कॉलेजला जातं. मला हे फार पटतं. भाचीनं आयआयटी काढलीय म्हणजे तिच्यात ते आहेच, ते माटुंग्याला जाऊन कुठे पळून जाणार नाही.

जिंतूरचा_अमोल
सईताई, त्याच पेपरमधली अर्धी गोष्ट राहिली. कमी उत्पन्नाच्या घरातल्या मुलांना मोठ्या नावाच्या कॉलेजचा फायदा झालेला दिसला होता, अपवाद म्हणून त्यांनीच लिहिलंय. आणि मामांच्या भाचीचं घर ते आहे, एडिसनचं नाही. राग मानू नका पण हा फरक महत्त्वाचा आहे म्हणून स्पष्ट लिहितोय.

माझे वडील शेतमजूर. आमच्या घरात कॉलेज बघितलेला मी पहिला. ज्याच्या घरात काका इंजिनीअर, मावशी डॉक्टर, बाबांचे मित्र कंपनीत मॅनेजर, त्या पोराला कॉलेजचं नाव नसलं तरी चालतं, त्याला एका फोनवर इंटर्नशिप मिळते. आम्हाला फोन करायला कोणी नसतं. आमच्यासाठी कॉलेजचं नाव म्हणजेच काका आणि मावशी. मी औरंगाबादला प्रायव्हेट कॉलेजमधून इंजिनीअर झालो, अभ्यासात कुठेही कमी नव्हतो, पण पहिली तीन चार वर्षं प्रत्येक ठिकाणी आधी कॉलेज कुठलं हे विचारलं आणि मग आवाज बदलला. तो आवाज बदलणं काय असतं ते ज्यानं ऐकलंय त्यालाच कळतं. म्हणून 'नावात काय आहे' असं जेव्हा नाववाले लोक म्हणतात तेव्हा मला मनापासून राग येतो. मुलीनं हे सगळं माहीत असून केमिकल निवडलं तर जरूर निवडावं, पण नाव फुकटचं आहे असं तिला कोणी सांगू नका.

पराग_पिंपरी
अमोल +१. मी हेच म्हणत होतो.

सई_एडिसन
अमोल, तुमचं बरोबर आहे, तो अपवाद इथं लागू होतो आणि तो सोडून बोलणं योग्य नव्हतं. चेट्टी, डेमिंग आणि फ्रीडमन यांचा २०२३ चा अभ्याससुद्धा असाच दुहेरी आहे, सरासरी कमाईत फार फरक नाही पण एकदम वरच्या १ टक्क्यात पोचण्याची शक्यता तिकडच्या सर्वात नामांकित कॉलेजांमुळे बरीच वाढते.

माटुंगा_सुनीता
अमोल, तुम्ही जे लिहिलंत ते वाचून थोडा वेळ काही लिहवेना. पटलं. पण त्यातूनच पुढचा प्रश्न येतो की कोणाकडे चालणारं नाव? उदगीरच्या चौकात आयसीटी कोणाला माहीत नसेल, हिंजवडीच्या एचआरला पण कदाचित नसेल. पण तळोजा, तारापूर, लोटे परशुराम, कुरकुंभ, दहेज, कुठल्याही केमिकल कंपनीच्या गेटवर यूडीसीटी म्हणा, आत कोणीतरी सीनियर निघतोच. मुकेश अंबानी तिथले, डॉ. रेड्डीज काढणारे अंजी रेड्डी तिथले. तुम्ही काका मावशी म्हणालात ना, ते या क्षेत्रात आमच्याकडे आहेत. मुलगी केमिकलमध्ये राहणार असेल तर तिला नाव सोडावं लागतच नाही, फक्त ते नाव चौकातल्या फ्लेक्सवर शोभणारं नाही. आणि उलट ती केमिकल सोडून मॅनेजमेंटला किंवा सॉफ्टवेअरला जाणार असेल तर आयआयटी हे नाव जास्त दूरवर चालतं, हे मी मान्य करते.

अजून एक. माशेलकर सरांनी १९६६ ला केमिकलची डिग्री यूडीसीटीतूनच घेतली आणि १९६९ ला पीएचडीपण तिथूनच, गाईड एम. एम. शर्मा सर. शर्मा सर तेव्हा केंब्रिजहून परत येऊन नुकतेच शिकवायला लागले होते, वय तिशीच्या आत. कुठल्या माणसाच्या हाताखाली शिकायला मिळणार हे बघणं यालाच मी योग्य जागा म्हणते. दोन्हीकडच्या विभागांच्या वेबसाइटवर प्राध्यापकांची यादी असते, कोण कशावर काम करतं ते लिहिलेलं असतं, एक संध्याकाळ त्यात घालवा.

निवृत्त_प्रवेशकक्ष
बरेच दिवस वाचतोय, आता कामाचं लिहितो. सगळी नोकरी प्रवेशाच्या टेबलावर झाली माझी, त्यामुळे पालक काय बघत नाहीत ते मला पाठ आहे.

पहिलं, रँकिंग. एनआयआरएफची, म्हणजे केंद्र सरकारची, रँक २०१६ पासून निघते. तिच्यात शिक्षण आणि साधनांना ३०, संशोधनाला ३०, पास होऊन पुढे काय झालं त्याला २०, सर्वसमावेशकतेला १० आणि लोकमताला १० असे गुण असतात. म्हणजे तुमच्या मुलीला तिसऱ्या वर्षी कसं शिकवलं जाईल हे त्या एका आकड्यातून कळायला मार्ग नाही. पण त्यासाठी कॉलेजनं भरलेली माहिती कॉलेजच्या साइटवर पीडीएफमध्ये ठेवलेली असते ती उघडा. किती मुलं पास झाली, किती नोकरीला लागली, मीडियन पगार किती, किती जण पुढच्या शिक्षणाला गेली हे सगळं त्यात आहे. मात्र ब्रँचप्रमाणे फोड नसते! कॉम्प्युटर आणि मायनिंग एकाच आकड्यात. त्यामुळे 'आयआयटीचा मीडियन' म्हणून जो आकडा क्लासवाले सांगतात तो तुमच्या ब्रँचचा नाही हे धरून चाला. ब्रँचचा आकडा तिथल्याच फायनल इयरच्या मुलाकडून काढावा लागतो.

दुसरं, पैसे. आयआयटीची ट्यूशन फी वर्षाला २ लाख आहे, घरचं उत्पन्न १ ते ५ लाखांमध्ये असेल तर दोन तृतीयांश माफ होते. इकडे राज्य सरकारच्या २०२४ च्या निर्णयाप्रमाणे ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस, एसईबीसी मुलींना कॅपमधून प्रवेश घेतला तर ट्यूशन आणि परीक्षा फी पूर्ण माफ. सरकारी अभिमत विद्यापीठं त्यात धरलीत, खासगी अभिमत वगळलीत. हॉस्टेल आणि मेस त्यात नाही, त्यासाठी पंजाबराव देशमुख निर्वाह भत्त्याची योजना वेगळी बघा.

तिसरं, क्लासवाले. त्यांना तुमची सीट पाहिजे कारण पुढच्या वर्षीच्या जाहिरातीत आकडा लागतो. त्यांचा सल्ला त्या हिशोबानं ऐका, एवढंच म्हणतो.

चौथं, जोसातून विथड्रॉ करायचं असेल तर शेवटच्या राउंडच्या आधीच करावं लागतं, प्रोसेसिंग फी कापून बाकी पैसे परत येतात. त्यानंतर मात्र परतीचा रस्ता नाही.

उदगीरकर_मामा
खाली भाचीनं स्वतः टाइप केलंय, माझ्याच आयडीवरून.

"नमस्कार. सगळ्यांचं वाचलं. मी गप्प होते कारण मला दोन्हीतलं काहीच नीट माहीत नव्हतं, बाबांना दुखवायचं पण नव्हतं. आता दोन्हीचे सिलॅबस डाउनलोड करून तिसऱ्या वर्षाचे विषय शेजारी शेजारी ठेवून बघितले. मास ट्रान्सफर, रिअ‍ॅक्शन इंजिनीअरिंग, प्रोसेस कंट्रोल याचे व्हिडिओ बघत बसले तर रात्रीचा एक वाजला. मायनिंगचे पण बघितले, रॉक मेकॅनिक्स मला जड वाटलं पण सर्व्हेइंग आवडलं. वणीवाल्या काकांना प्रश्न आहे, खाणीतून काढलेलं खनिज शुद्ध करतात ते काम मायनिंगवाले करतात का? फ्रॉथ फ्लोटेशन बारावीत होतं, ते मला फार आवडलेलं. आणि सुनीता मावशींना, तुमच्या प्लांटमध्ये मुली शिफ्टला असतात का, आणि मराठी मीडियमच्या मुलीला पहिलं वर्ष जड जातं का? अमोलदादांचं वाचून रडू आलं, पण मला वाटतं मी ज्या विषयात चांगली होईन त्यात मला आवाज बदलणारे कमी भेटतील."

वेकोलि_वणी
बाळा, फार चांगला प्रश्न विचारलास. ते काम मिनरल प्रोसेसिंगचं, धनबादला त्याची वेगळी ब्रँच आहे, मिनरल अँड मेटलर्जिकल. मायनिंगला त्याचा एखादा पेपर असतो पण मुख्य काम खनिज सुरक्षित बाहेर काढण्याचं. फ्लोटेशनमध्ये तुला काय आवडलं, तर फेसाला कोणता कण चिकटतो आणि कोणता नाही, बरोबर? ते सगळं पृष्ठभागाचं रसायन आहे. केमिकल शिकलीस तरी ते काम करता येतं, कलेक्टर फ्रॉदर ही रसायनं केमिकलवालेच बनवतात. मी माझ्या विषयाचा कितीही अभिमान बाळगला तरी तुझ्या प्रश्नावरून सांगतो, तू केमिकलची आहेस. जा तिकडे.

माटुंगा_सुनीता
शिफ्टला मुली असतात, पूर्वीपेक्षा खूप वाढल्यात, तरी अजून कमीच आहेत आणि सगळ्याच कंपन्या मुलींना रात्रपाळी देत नाहीत, मुलाखतीत थेट विचारायचं. मराठी मीडियमचं म्हणशील तर पहिलं सेमिस्टर जड जातं, खोटं सांगणार नाही. गणित आणि केमिस्ट्री निभावते, त्रास होतो तो बोलायला, सगळे फाडफाड इंग्रजी बोलतात आणि आपण शेवटच्या बाकावर. माझ्या बॅचला सांगली, जळगाव, नांदेडच्या मुली होत्या, हॉस्टेलवर रात्री एकत्र बसून जर्नल पुरं करायचो, दुसऱ्या वर्षापर्यंत तेच फाडफाडवाले नोट्स मागायला यायचे. लातूर एक्सप्रेसनं रात्री बसलं की सकाळी दादर, आणि दादरचं पुढचं स्टेशन माटुंगा. पहिल्या वर्षी घर एका रात्रीच्या अंतरावर असणं याला किंमत आहे, धनबादहून दिवाळीला यायचं म्हटलं तर निम्मी सुट्टी गाडीत जाते.

बाबांना माझ्याशी बोलायचं असेल तर व्यनि करा, नंबर देते.

उदगीरकर_मामा
अपडेट देतो. दाजी काल सुनीताताईंशी फोनवर बोलले. आम्हाला वाटलं फीचं, हॉस्टेलचं विचारतील. तर त्यांनी विचारलं तुमच्या प्लांटमध्ये पंप कुठल्या मेकचे, सील किती दिवसांनी बदलता, बॉयलरला पाणी कसलं लागतं. तासभर तेच चाललं होतं. फोन ठेवून म्हणले, कारखान्याचं शिक्षण आहे हे, मला वाटलं नुसत्या बाटल्या हलवायच्या असतात. विथड्रॉ करायचं ठरलंय, पोरीनं स्वतः ठरवलं आणि दाजींनी हो म्हणलं. क्लासमधून फोन आला तर मी बोलणार आहे.

पराग_पिंपरी
मी असतो तर सोडलं नसतं, अजूनही तेच म्हणेन. पण मुलीनं सिलॅबस वाचून ठरवलंय, इतकं आमच्या वेळी कोणीच केलं नव्हतं. मनापासून शुभेच्छा.

जिंतूरचा_अमोल
ताई, पहिल्या वर्षी इंग्रजीत बोलायची सवय कर, आणि सीनियर लोकांशी ओळख ठेवायला लाजू नकोस. फोन करायला माणसं पाहिजेत, ती आपणच जमवायची असतात. काही लागलं तर मामांकडून माझा नंबर घे, मी व्यनि केलाय.

निवृत्त_प्रवेशकक्ष
विथड्रॉ करण्याआधी एक पक्कं करा की कॅपचं रजिस्ट्रेशन आणि कागदपत्रांची पडताळणी पूर्ण झालीय. जातवैधता आहे का आणि नॉन क्रिमिलेअर चालू वर्षाचं आहे का बघा, उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून आत्ताच काढा, जुलैत सेतू केंद्रात रांगा लागतात. ऑप्शन फॉर्ममध्ये आयसीटी केमिकल पहिल्या नंबरला टाका, पहिल्या राउंडला पहिला पर्याय लागला की सीट आपोआप फ्रीझ होते, मग बदलता येत नाही, म्हणून क्रम तिच्या हातानं भरू द्या. खाली पॉलिमर, सरफेस कोटिंग आणि नंतर इतर सरकारी कॉलेजांचं केमिकल असं भरपूर भरा, कटऑफ एखाद्या वर्षी वर सरकतो. हॉस्टेलचा अर्ज वेगळा असतो, प्रवेश झाला त्याच दिवशी चौकशी करा.

उदगीरकर_मामा
नॉन क्रिमिलेअर मागच्या वर्षीचंच आहे. उद्या सकाळी तहसीलला जातो.